शाळा त्रिक तबेला

उज्जैनात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी रस्ता चुकले, आणि चुकले ती मास्तरांना विचारून निघाले म्हणूनच. शाळा सुटली होती, घरात मीठमिरचीपासून सगळं आणायचं होतं, आणि टावर चौकात सगळं मिळतं एवढंच मला ठाऊक होतं. मास्तर फाटकात उभे होते. म्हणाले, "सरळ जा. तबेला आला की उजव्या हाताला वळून जा. मग चुनाभट्टी सोडून द्या, आणि पुढे कुणालाही विचारून घ्या." मी सरळ गेले. कापडाचं दुकान आलं, सायकलवाला आला, होमिओपॅथीचा दवाखाना आला, तबेला काही येईना. शेवटी एका टांगेवाल्याला माझी दया आली आणि त्याने मला रिकाम्या पिशवीसकट घरी आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी मी तणतणतच शाळेत शिरले. "मास्तर, त्या रस्त्याला तबेला कुठेच नाही."

"आहे ना," ते शांतपणे म्हणाले. "कपड्याचं दुकान दिसलं? त्याच्या खाली आहे."

तबेला पाडून त्या जागी दुकान उभं राहिलं त्याला जमाना लोटला होता. पण मास्तरांच्या लेखी तबेला होताच, दुकान नुसतं त्याच्यावर येऊन बसलं होतं. या माणसाशी आपलं जमायचं नाही, असं मी त्या संध्याकाळी यजमानांना सांगून टाकलं. मी साताऱ्याची. आमच्याकडे रस्ता विचारला तर रस्ताच सांगतात.

यजमानांना रेल्वेत, मालधक्क्यावर नोकरी लागली म्हणून आम्ही उज्जैनला आलो, आणि मला तिथल्या मराठी प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग मिळाला. चौथी मास्तरांकडे. दोन्ही वर्गांच्या मध्ये भिंत म्हणायला लाकडी फळ्या होत्या, त्यामुळे माझी तिसरी शिकत असे माझ्याकडे आणि ऐकत असे चौथीचं. सारं गाव त्यांना मास्तर म्हणे, हिंदीवाले मास्साब म्हणत. गुरुजी म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. "उज्जैनात गुरुजी म्हणून हाक मारली तर घाटावरचे अर्धे लोक वळून बघतात. आपल्याला थोडंच कुणाचं पिंडदान करायचंय?"

दिसायला मास्तर अगदी साधे. काळी टोपी, आणि एक कोट, ज्याचे खिसे खडूने आतून-बाहेरून पांढरे झालेले. खोड एकच, चालता चालता मध्येच थांबायचे. देवास गेटच्या भर गर्दीत एखाद्या भिंतीकडे बघत असे उभे राहत की टांगेवाले शिव्या घालत. शिवी ऐकली की मास्तर भानावर येत, त्या टांगेवाल्याजवळ जात आणि विचारत, "भैया, तुम्हारे पिताजी भी ताँगा चलाते थे? कहाँ खड़ा करते थे?" तो बिचारा आधी ओशाळायचा, मग सांगत सुटायचा. त्याची सवारी आत बसून घामाघूम व्हायची.

त्यांचं एक गाऱ्हाणं होतं आणि ते खरं होतं. म्हणत, "या गावात हजार वर्षांपूर्वी काय झालं ते कुणीही सांगून देतो. वीस वर्षांपूर्वी काय झालं ते विचारून बघा, सगळे आकाशाकडे बघतात." राजे, मंदिरं, कुंभमेळे यांना सांगणारे पुष्कळ होते. आमच्या शाळेची घंटा पहिल्यांदा कुणी वाजवली, हे सांगणारं कुणी नव्हतं. मास्तरांनी ते काम अंगावर घेतलं होतं. कुणी सोपवलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी त्यांना शाबासकीही देत नव्हतं.

आता इतिहास गोळा करायचा म्हणजे माणूस वही घेतो. मास्तर वही घेत नसत. त्यालाही कारण घडलं होतं, ते मला आमच्या हेडमास्तरांनी सांगितलं. मास्तरांनी एकाच नोकरीत तीन राज्यं पाहिली. आधी ग्वाल्हेर संस्थान, मग मध्य भारत, आणि मी आले त्याच्या पुढच्या वर्षी मध्य प्रदेश. दर वेळी शाळेची पाटी बदलली. पाटी रंगवणारा पेंटर मात्र तोच राहिला, आणि राज्यं बदलतात ती त्याच्या पोटापाण्यासाठी, असं मास्तरांचं मत होतं. तर संस्थान विलीन झालं तेव्हा कुठल्याशा कचेरीतले जुने मोडी कागद रद्दीत गेले. एक दिवस मास्तरांनी शेव घेतली, तर पुडीच्या कागदावर आपल्याच शाळेतल्या जुन्या मुलांची नावं. झालं, मास्तर रोज शेव घेऊ लागले. स्वतः खात, शाळेला खिलवत, शेजाऱ्यांना वाटत. शेववाला खूश झाला आणि मास्तरांचं पोट कायमचं बिघडलं. शाळेचा कागद पुन्हा काही निघाला नाही. तेव्हापासून त्यांनी खूणगाठ बांधली की कागद राज्याबरोबर जातो आणि तोंड गावात राहतं.

म्हणून त्यांनी परवचा केला. आपल्याकडे तिन्हीसांजेला मुलांना पाढे म्हणायला बसवतात, तोच ठेका, तीच चाल. दर शनिवारी शेवटच्या तासाला चौथी उभी राही आणि सूर धरी:

"शाळा एके ओसरी, शाळा दुणे दालन, शाळा त्रिक तबेला, शाळा चोक चौथरा..."

शाळा कुठे कुठे भरली त्या जागा ओळीने. मग पुराचा पाढा, म्हणजे क्षिप्रेचं पाणी कधी कुठवर चढलं त्याचा: "पूर एके पायरी, पूर दुणे दार, पूर त्रिक तिसरा बाक, पूर चोक चूल." मग घंटेचा, मग झाडांचा. दर वर्षी चौथीची मुलं शाळा सोडताना एक नवी ओळ घालून जात. ओळ मुलांनी आणायची, पण ती खरी आहे हे सिद्ध करूनच. आणि प्रत्येक ओळीमागची गोष्ट प्रत्येक मुलाला सांगता आली पाहिजे. पहिल्या शनिवारी मी ते फळीआडून ऐकलं आणि मला वाटलं, हा माणूस पोरांना नादी लावतोय. चौथ्या शनिवारी मी भाजी चिरताना 'पूर दुणे दार' म्हणत होते.

खरेपणाची त्यांची कसोटी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. कुठलीही गोष्ट एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन माणसांनी सारखी सांगितली, तरच ती परवच्यात जाई. मित्रांची साक्ष त्यांना चालत नसे. "मित्र बसून ठरवून घेतात, बाई. भांडलेली माणसं काय ठरवणार?" त्यामुळे गावात कुणाचं कुणाशी वाकडं आहे याची माहिती मास्तरांना खडान्‌खडा. भांड्यांचे व्यापारी दोन सख्खे भाऊ होते, दुकानाच्या मध्ये भिंत घालून बसलेले, एकमेकांचं तोंड बघत नसत. मास्तरांचा अर्धा इतिहास या दोघांवर उभा होता. तबेला पुराआधीचा की पुरानंतरचा, हा वाद त्यांनीच मिटवला. दोघांनी वेगवेगळं सांगितलं, "पुरानंतर, कारण घोडा तेव्हाच आला." मग एका संक्रांतीला नातलगांनी मध्ये पडून दोघांना तिळगूळ घ्यायला लावला. सगळ्या आळीला आनंद झाला. मास्तर मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत आले ते सुतकी चेहरा करून. "काय झालं?" मी विचारलं. म्हणाले, "चांगलं झालं. पण माझे दोन साक्षीदार गेले." त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

मला त्यांचं कौतुक कधी वाटायला लागलं ते नेमकं सांगता येणार नाही. पण ज्या दिवशी माझ्या मराठीची फजिती झाली, त्या दिवशी मी त्यांच्या बाजूची झाले हे नक्की.

नव्या राज्यात जबलपूरकडून आलेले एक इन्स्पेक्टर शाळा बघायला येणार होते. मराठी वर्ग चालू ठेवायचे की समोरच्या हिंदी शाळेत मिसळायचे, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. पटावरची मुलं रोडावलेली होती. हेडमास्तरांनी मास्तरांना बजावलं, "साहेबांसमोर ते घोडापुराण नको. खरे पाढे म्हणवा." मास्तरांनी मान डोलावली. शनिवार होता. मी व्हरांड्यात उभी, आणि शिपाई धापा टाकत आला. "बाई, साहेब येऊन गेले."

मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि वर्गात शिरून फळीच्या फटीतून सांगितलं, "मास्तर, सुटलो. साहेब आले आणि गेलेसुद्धा."

"इतक्यात? चहा नाही पिला?"

"नसेल प्यायला."

मास्तरांनी टाळी वाजवली, चौथी उभी राहिली आणि परवचा सुरू झाला, असा की कौलं हलावीत. साहेब त्या वेळी हेडमास्तरांच्या खोलीत बशीत चहा ओतून घेत होते. आमच्याकडे 'येऊन गेले' म्हणजे माणूस आता इथे नाही. उज्जैनच्या मराठीत ते हिंदीतलं 'आ गये' असतं, म्हणजे माणूस खुर्चीत बसलाय. शिपाई जन्माचा उज्जैनकर, त्याने त्याच्या मराठीत सांगितलं आणि मी माझ्या मराठीत ऐकलं.

साहेब बशी हातात घेऊनच वर्गाच्या दारात आले. मागे हेडमास्तर, चेहरा पांढराफटक. "यह कौन-सा पहाड़ा है, मास्टर साहब?"

मास्तरांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. साहेब ऐकत होते. मग त्यांनी समोरच्या बाकावरच्या कुसुमला विचारलं, "तबेला क्यों, बेटी?" कुसुम म्हणजे जिच्या बडबडीने फळीपलीकडून माझासुद्धा वर्ग बिघडायचा ती पोर. तिने मराठीत सुरुवात केली. साहेब म्हणाले, "हिन्दी में बताओ, हमें मराठी नहीं आती।" कुसुमने श्वाससुद्धा घेतला नाही. सांगू लागली की दालान का छप्पर गिर गया, तो स्कूल तबेले में लगा, मगर एक घोड़ा वहीं बँधा रहा, क्योंकि घोड़ेवाला बोला कि पहले से घोड़ा रहता है, स्कूल बाद में आया। घंटी बजे तो घोड़ा भी हिनहिनाता था, और एक मास्साब को कम दिखता था, वो हाज़िरी में घोड़े को भी गिन लेते थे। साहेब इतके हसले की बशीतला चहा सांडला. आणि मी पाहिलं की मास्तर हसत नव्हते. ते कुसुमच्या तोंडाकडे बघत होते, देवास गेटला भिंतीकडे बघत तसे.

जाताना साहेबांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "बहुत अच्छा है। मगर मास्टर साहब, अगले साल मराठी के बच्चे कहाँ से लाओगे?"

माझ्या त्या घोटाळ्याबद्दल मास्तर मला कधी एक शब्द बोलले नाहीत. फक्त तेव्हापासून मी शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं की ते मोठ्याने जाहीर करत, "बाई येऊन गेल्या." मी म्हणे, "मग ही दारात कोण उभी आहे?" हा खेळ मी उज्जैन सोडेपर्यंत चालला.

साहेबांचा शेरा चांगला होता. निर्णय मात्र व्हायचा तोच झाला. नव्या सत्रापासून मराठी वर्ग बंद, मुलं आणि शिक्षक समोरच्या हिंदी शाळेत. नोकरी कुणाचीच गेली नाही, त्यामुळे रडायलाही सोय नव्हती. शाळेच्या मंडळाचे चिटणीस एक वकीलसाहेब होते, मराठीचे कट्टर अभिमानी. निरोपाचा समारंभ करायचा आणि परवचा चांगल्या कागदावर छापून काढायचा, असं त्यांनी ठरवलं. म्हणाले, "भाषा गेली तरी आपलं धन आपल्याजवळ राहील."

"छापून घ्या," मास्तर म्हणाले. "पण मग कुणी म्हणणार नाही. म्हणतील, छापलेलं आहे ना, कपाटात आहे."

"मग करायचं काय?"

"मी हिंदीत करून राहिलो आहे."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मास्तरांशी कडाकडा भांडले. म्हटलं, "आयुष्य घातलंत तुम्ही यात. हिंदीत गेला की आपलं त्यात राहिलं काय? ती मुलं त्यांच्या मनासारखं करून टाकतील." मास्तर म्हणाले, "बाई, तो घोडा कोणत्या भाषेत खिंकाळत होता?" मी म्हटलं, असली उत्तरं पोरांना द्या. मग ते गंभीर झाले. म्हणाले, "कुसुमनी सांगितलं ते ऐकलं ना तुम्ही? माझ्या मराठीपेक्षा चांगलं सांगितलं. मला त्या दिवशीच समजून गेलं. आता माझी जीभ तेवढी वळली पाहिजे."

आणि जीभच वळत नव्हती. हिंदी त्यांची उत्तम, वाद घालावा तर हिंदीतच. पण पाढे माणूस शिकतो ते दुधाच्या दातांनी. भाजीवालीचे पैसे मोजताना मास्तर मराठीतच मोजत. सबंध मार्च महिना ते मधल्या सुट्टीत पिंपळाच्या पारावर बसून पुटपुटत, "एकम, दूनी, तिया, चौके." तिसऱ्या फेरीला 'तिया'च्या जागी 'त्रिक' यायचं आणि ते स्वतःच्या मांडीवर थापट मारून घ्यायचे. शिपाई समोर बसून चुका काढी. बाकीचे शिक्षक हसत. मी आधी रुसून बसले होते, पण एवढा वयस्क माणूस पाटीवरच्या पोरासारखा चुकतोय आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणतोय, हे बघून माझा राग गळून पडला. मग मी घरून चहा घेऊन जाऊ लागले. "पिऊन घ्या," मी म्हणे, त्यांच्याच मराठीत.

वकीलसाहेबांनी पुस्तिका छापलीच. माझ्याकडे तिची एक प्रत होती, पुढे बदल्यांच्या गडबडीत कुठे गेली कोण जाणे. परवचा मात्र मला अजून दोन्ही भाषांत पाठ आहे. समोरच्या शाळेत तो पुढे कित्येक वर्षं चालला, आणि त्या मुलांनी त्यात मनासारखं केलंही. चौकात नवं काय आलं, कुठलं झाड पडलं, सगळं आणलं, भांडलेली माणसं शोधून आणलं. पण ते पुढचं. आधी तो निरोपाचा शनिवार.

समारंभाला गावातली मराठी मंडळी झाडून आली होती. जुने विद्यार्थी, त्यांच्या बायका, रेल्वेतले, बँकेतले. शेवटचा मराठी परवचा ऐकायचा म्हणून लोकांनी आधीच रुमाल काढून ठेवले होते. चौथी रांगेत उभी राहिली. मास्तर पुढे आले, टोपी सारखी केली, आणि म्हणाले, "बोला माझ्यामागे." आणि सुरुवात केली:

"शाला एकम ओसारी..."

वकीलसाहेबांनी मान झटकली, खुर्ची मागे सारली आणि ते सरळ निघून गेले. त्यांच्यामागे आणखी काही जण उठले. मास्तरांच्या कपाळावर घाम होता, पण नजर मुलांवर. पहिला आवाज कुसुमचा आला, आणि मग सगळी चौथी. "शाला दूनी दालान, शाला तिया तबेला." पोरांना काहीच जड गेलं नाही. घरात मराठी, गल्लीत हिंदी, त्यांची जीभ रोज उंबरा ओलांडत होती. 'तिया' मास्तरांनी नीट घेतलं. पण चौथ्याला त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "शाला चोक..." आणि सगळी रांग एका सुरात ओरडली, "चौके, मास्तर."

"चौके," मास्तर म्हणाले. "शाला चौके चबूतरा."

पुढे सगळा परवचा नीट पार पडला. मागे उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, पण जरा जपूनच. मी पदराने डोळे पुसत होते आणि कुणाला दिसू नये म्हणून खुर्च्या लावायला लागले. लोक पांगल्यावर वर्गात गेले, तर मास्तर एकटेच फळा पुसत होते. मला राहवलं नाही. विचारलं, "मास्तर, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

त्यांनी फळा पूर्ण पुसला, हात झटकले.

"वाटून राहिलंय ना, बाई. खूप वाटून राहिलंय. आता घरी जाऊन रडून घेईन. ते मराठीतच होईल."